सहा सव्वा साडेसात

माझ्या आतेभावाने लष्कराने मोडीत काढलेली एक लॉरी विकत आणली, तेव्हा कुंभकोणम्‌च्या आमच्या गल्लीत तिला कुणी लॉरी म्हणायला तयार नव्हतं. रंग शेवाळी, दारं गायब, बसायच्या जागेतून काथ्या बाहेर आलेला. पण इतर लॉऱ्यांची नुसती मागची चाकं जोर लावतात, हिची पुढची-मागची सगळी लावत. एवढ्या एका गुणावर तो तिच्या प्रेमात पडला होता. मीही पडले.

मी तेव्हा आत्याच्या घरी राहत होते. आमच्या खेड्यात मुलींना पुढे शिकायची सोय नव्हती, म्हणून अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे ठेवलं होतं. शाळा संपली आणि घरातल्या घरात आतेभावाशी माझं लग्नही ठरलं. आमच्या तंजावरी मराठी लोकांत आत्याच्या मुलाला मुलगी दिली तर कुणाला नवल वाटत नाही, न दिली तर वाटतं. लग्न ठरल्यावर खरं तर मला खेड्यात परत धाडायला हवं होतं. आत्या म्हणाली, चैत्रापर्यंत राहू दे, घरात मी आहे ना. आत्या ज्या घरात आहे त्या घराबद्दल वेडंवाकडं बोलायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. जन्मभर ज्याला ‘अरे’ म्हणत आले त्याला ‘अहो’ म्हणायचा सराव करायला मला तेवढे महिने मिळाले. सराव काही झाला नाही, ते सोडा.

आमचं खेडं कोळ्ळिडम नदीच्या पलीकडे. नदी रुंद, आणि जवळपास पूल नाही. पावसाळ्यानंतर होडी, उन्हाळ्यात नुसती वाळू. पलीकडच्या काठावर पानमळे आणि केळीच्या बागा. तिथली विड्याची पानं केळीच्या सोपटात बांधून बायामाणसं डोक्यावरून वाळू तुडवत अलीकडे आणत, मग बैलगाडीने ती कुंभकोणम्‌च्या बाजारात येत. तोवर निम्मी पानं मान टाकत. माझ्या आतेभावाच्या डोक्यात एकच विचार होता: लॉरी थेट वाळूतून पलीकडे न्यायची, मळ्याच्या बांधावर पानं भरायची आणि ऊन चढायच्या आत स्टेशन गाठायचं. हे जमलं की पलीकडचे सगळे मळेवाले त्याचेच होते.

अप्पांना हा सगळा पोरखेळ वाटे. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारात काहीतरी होते. नक्की काय होते हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण लॉरी चालवणारे नव्हते हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी जावयासाठी तंजावरला एका कचेरीत कारकुनाची जागा बोलून ठेवली होती. लग्नाची तिथी पक्की करायला ते आत्याकडे आले, तेव्हा जेवताना हा विषय निघाला. माझा आतेभाऊ तोंडाळ. तो म्हणाला, मामा, वैशाखात तुमच्या गावी मी नवरदेव म्हणून येणार तो ह्या लॉरीतूनच, वाळूतून. अप्पांनी ताकभाताचा घास तसाच धरून ठेवला.

“बरें तर,” ते म्हणाले. “लॉरी आपल्या पायांनीं नदी उतरून गांवांत आली, तर चालीव तुझी लॉरी, मी कांहीं म्हणणार नाहीं. माझ्या बैलांनीं ओढावी लागली, तर ती विकायची आणि तंजावरास खुर्चीवर बसायचें. कबूल?”

त्याने कबूल म्हटलं, आणि वर आणखी रसम मागितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला कारकुनाची बायको व्हायचं नव्हतं. त्या लॉरीत पुढे बसलं की भिंतींवरून लोकांची परसं दिसत, पात्रांच्या गल्लीत पितळी हंडे ठोकणारे मान वर करून बघत, आणि दारासुरम्‌च्या रस्त्याला लागलं की वारा केसांची वेणी सोडवत असे. आत्या मागे बसलेली असल्याखेरीज मला लॉरीत चढायची परवानगी नव्हती, पण चढत मी होतेच. मला ती लॉरी हवी होती, आणि लॉरीसकट तो हवा होता. लॉरीविना तो मला ओळखू तरी आला असता की नाही, शंकाच आहे.

मग त्याने टायर आणले. वाळूसाठी रुंद आणि उंच टायर लागतात, हे त्याचं बरोबर होतं. जुना टायर उभा केला की बत्तीस इंच भरे, हे नवे चाळीस इंचांचे. ते मडगार्डात मावेनात, म्हणून मेस्त्रीने स्प्रिंगांत जादा पाटे घातले, खाली लोखंडी ठोकळे दिले आणि लॉरीचं सगळं अंग वर उचललं. ती एवढी उंच झाली की आत्याला चढायला घरातली मुक्काली, म्हणजे तिवई, लागू लागली. ती मुक्काली मग लॉरीतच राहिली आणि आत्या तांदूळ निवडायला जमिनीवर बसू लागली.

लॉरी दिसायला झोकदार झाली खरी, पण चालेना. रिकामी असताना कुरकुरत चाले. पहिल्यांदा पानांच्या करंड्या भरल्या आणि अरसलार नदीच्या पुलाचा चढ आला, तिथे तिने अंग टाकलं. पहिल्या गिअरातही इंजिन धापा टाकत बंद पडलं. वाटसरूंनी ढकलत तिला वर नेलं, आणि त्यात आमच्या गल्लीतले दोघे होते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. दगडी पुलावर ही गत, तर वाळूत काय होणार, हे सांगायला जोशी नको होता.

तो ओसरीवर डोकं धरून बसला. मी म्हटलं, डोकं धरून काय उपयोग, हिशोब तरी कर. मग आम्ही दोघं हिशोबाला बसलो. मेस्त्रीने त्याला समजावलं होतं आणि त्याने मला समजावलं: चाकांच्या मधल्या आसात दोन दातेरी चक्रं असतात. धाकटं पिनियन, त्याला इंजिन फिरवतं. थोरलं क्राउन, ते चाकांना फिरवतं. आमच्या लॉरीत क्राउनला छत्तीस दाते आणि पिनियनला सहा. म्हणजे पिनियन सहा वेळा फिरावं तेव्हा चाक एकदा फिरे. हा सहाचा आकडा जेवढा वाढवावा, तेवढी लॉरी सावकाश चालते, पण तेवढा तिचा जोर वाढतो.

पुढचं मला पाटीसुद्धा न घेता दिसलं. अप्पांनी मला लहानपणी सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, पाठ करवली होती. पाढे झाले की पावकी, निमकी, सवायकी, झोपाळ्यावर बसून, चुकलं की झोपाळा बंद. बत्तीस सव्वा चाळीस. टायर बरोबर सव्वापट झाला होता. चाक एका फेऱ्यात सव्वापट जमीन चालणार, तर इंजिनालाही सव्वापट ओझं पडणार. तेव्हा आतला आकडाही सव्वापट हवा.

“सहा सव्वा साडेसात,” मी म्हटलं.

तो हसला. मला वाटलं माझ्या हुशारीला हसला. तो हसला, कारण आत्या दारात उभी होती.

दक्षिणेत काय आणि महाराष्ट्रात काय, साडेसात हा शनीचा आकडा. आमच्याकडे तर तमिळ लोक एखाद्याची खोड मोडायची असली की त्याला नुसतं ‘साडेसात’ म्हणतात, पुढे काही बोलावं लागत नाही. आत्या दर शनिवारी तिळाच्या तेलाचा दिवा लावणारी बाई. तिने एकच गोष्ट सांगितली: माझ्या मुलाच्या वऱ्हाडाच्या चाकात मी साडेसाती घालू देणार नाही. दुसरा आकडा शोधा. पाऊण कमी करा, एक वाढवा, तुमचं तुम्ही बघा.

तिरुचीला मोडीचा मोठा बाजार होता. तिथे जाऊन तो दुसऱ्या दिवशी परत आला आणि जेवायला बसण्याआधीच सांगू लागला. आमच्या लॉरीला बसतील असे दोनच प्रकार तिथे होते. एकात क्राउनला चाळीस दाते, दुसऱ्यात पंचेचाळीस. पिनियनचे दाते दोन्हीत सहाच. आणि प्रत्येक प्रकाराचे दोन-दोन संच घ्यावे लागणार होते, एक पुढच्या आसाला, एक मागच्या. दोन्ही आस एका आकड्याचे हवेत. पालखीच्या पुढच्या भोयाने लांब टांगा टाकल्या आणि मागच्याने आखूड, तर पालखी मोडायचीच.

पंचेचाळीस भागिले सहा किती, हे मी बोलले नाही. तोही बोलला नाही.

“चाळिसाचा घेतों,” तो आईकडे बघून मोठ्याने म्हणाला. मग त्याने बेत सांगितला. चाळीस दाते म्हणजे पावणेसातच्याही आत. जोर थोडा कमी पडेल, पण अलीकडच्या काठाच्या उतारावरून लॉरी भरधाव सोडायची आणि त्या वेगात सगळी वाळू पार करून पलीकडे चढायचं. वाळूत थांबलं नाही की रुतत नाही. थांबायचंच नाही. आत्या मान डोलावू लागली. त्या दोघांना एवढं समाधान झालेलं पाहून मला हसू यावं की रडू, कळेना.

मी विचारलं, “आणि सीमांतपूजन?”

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरा मुलगा गावात शिरण्याआधी शिवेवर त्याची पूजा होते. मुलीकडचे शिवेवर सामोरे येतात, त्याचे पाय धुतात, वस्त्रं देतात, मग त्याला गावात नेतात. आता आमच्या गावाची शीव कुठे? नदीच्या मधोमध. तिथे एक दगड पुरलेला आहे, पुराच्या दिवसांत तो दिसतही नाही. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या गावचे जावई त्या दगडापाशी, वाळूत, बैलगाडीतून उतरलेले. तिथे थांबायचं. भटजींचे मंत्र संपेपर्यंत थांबायचं. आणि मग मऊ वाळूत, जागच्या जागी, पुन्हा निघायचं. धावत येण्याची सगळी हुशारी त्या दगडापाशी संपत होती. अप्पांनी ताकभाताचा घास धरून ठेवला होता तो काही उगाच नव्हे.

आतेभावाचं तोंड उतरलं. तो आईला म्हणाला की पूजा अलीकडच्या काठावर करू. आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. शीव हलवतात होय कुठे!

मी आत जाऊन पाणी प्यायले आणि परत आले. मग आत्याच्या शेजारी बसून तिच्या सुपातले तांदूळ निवडू लागले. निवडता निवडता म्हटलं की आत्या, पंचेचाळीस आणि सहा मिळून किती होतात बघ. एक्कावन्न. आहेराचा आकडा. आपण कुणाला पन्नासाचा आहेर करतो का? वर एक घालतोच. हा संच तर तो एक घालूनच आलाय. आणि चाळीस-सहाचे शेहेचाळीस, त्याला ना शेंडा ना बुडखा. वऱ्हाडाच्या लॉरीत शेहेचाळीस कशाला घालायचे?

आत्याने सुपातून एक खडा काढला, अंगणात फेकला. मग मुलाला म्हणाली, “एक्कावन्न बेष आहे. जा, घेऊन ये.”

तो इतक्या घाईने उठला की त्याचं उपरणं दाराच्या खिट्टीत अडकलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या बायकांना आत्याने स्वतः सांगितलं की आमच्या लॉरीत एक्कावन्न दात्यांचा शुभ संच घालणार. मला माझ्या अकलेचा एवढा अभिमान वाटत होता, की त्या रात्री मी दोन वेळा भात घेतला.

नवे संच बसल्यावर लॉरी पुलाच्या चढावर गेली तेव्हा मी पाहायला नव्हते. मला खेड्यात पाठवलं होतं. करंड्या भरून ती पूल चढली, थांबवली, आणि थांबून पुन्हा चढली, असा निरोप आला. पण तो दगडी पूल होता. वाळू म्हणजे वाळू.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मला घरात बसवून सगळे नदीवर गेले. नवऱ्या मुलीने सीमांतपूजनाला जायचं नसतं. मी आईला म्हटलं की केळीची पानं पुरेशी कापली आहेत का बघून येते, आणि परसातून केळीच्या बागेत शिरले. बाग संपते तिथे नदीचा बांध. अंगाला हळद, केसांत फुलं, आणि मी बांधावर केळीच्या आड उकिडवी. आता आठवलं की मलाच हसू येतं.

पलीकडून लॉरी उतारावरून आली. मागे नागस्वर आणि तवील वाजवणारे वाजंत्रीवाले आणि वऱ्हाड दाटीवाटीने उभं, पुढे आत्या, मांडीवर मुक्काली. टायरांतली हवा त्याने कमी केली होती, ते जमिनीवर पसरून चालत होते. दगडापर्यंत लॉरी सरळ आली आणि थांबली. तिथे अप्पा उभे होते, भटजी होते, आणि जरा बाजूला आमचे दोन बैल, शिंगं रंगवलेली, जू तयार. आमच्या काठावर मळेवाले रांगेने बसले होते. पूजा बघायला त्यातला एकही आला नव्हता.

मुक्काली लावून आत्या उतरली. अप्पांनी आधी विहीणबाई म्हणून आपल्या थोरल्या बहिणीचे पाय धुतले, मग जावयाचे. भटजी आमचेच, ते कधी आटोपतं घेत नसत, आणि त्या दिवशी तर अप्पांनी त्यांना काही सांगून ठेवलं होतं असा माझा आजही संशय आहे. मंत्र चालले, वस्त्रं झाली, ओवाळणं झालं, आणि माझी नजर चाकांवर. वाळूखाली पाणी होतं. चाकं हळूहळू बसत होती. पूजा संपली तेव्हा टायरांच्या खालच्या कडा वाळूत गेलेल्या मला बांधावरून दिसल्या. देवा विठ्ठला, मी म्हटलं, मला तंजावरला नको धाडूस.

वऱ्हाड चढलं. वाजंत्रीवाले मात्र पुढे चालायला खाली उतरले. बैलवाल्याने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी हात अर्धा वर केला आणि तसाच ठेवला.

इंजिन सुरू झालं. ते ओरडलं नाही, पुलावरच्यासारख्या धापाही टाकल्या नाहीत. खालच्या पट्टीत, एका सुरात राहिलं. चाकं फिरताहेत की नाही हे पहिल्यांदा कळलंच नाही. मग टायरावर चिकटलेली ओली वाळू वर येताना दिसली, वर आली, पलीकडे गळली. चारही चाकं वळली. लॉरी खड्ड्यातून उठली आणि चालू लागली, अगदी सावकाश, इतकी सावकाश की नागस्वरवाला तिच्यापुढे आपल्या चालीने वाजवत निघाला आणि त्याला एकदाही भरभर पाऊल उचलावं लागलं नाही. मी केळीच्या बुंध्याला मिठी मारून रडत होते. बैल रिकाम्या जुवानिशी मागून येत होते.

काठाचा चढही ती तशीच चढली. वर येताच मळेवाले उठून लॉरीभोवती जमले आणि टायर हातांनी दाबून बघू लागले. अप्पांनी त्या सगळ्यांना बाजूला सारलं. जावयाच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “पहिली खेप माझ्या मळ्याची. मागाहून या लोकांची.” तंजावरच्या खुर्चीचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरात विड्याच्या पानांचा आणि पेट्रोलचा वास मिळून येत असे, आणि मला तो अजून आवडतो.

मी धावत घरी आले आणि पाटावर जाऊन बसले, जणू कुठे गेलेच नव्हते. थोड्या वेळाने आत्या सुनेला बघायला आत आली. माझ्या केसांतून तिने केळीचं एक सुकं पान काढलं, ते माझ्यासमोर धरलं, आणि आपल्या कमरेला खोचलं. मग शेजारी टेकली. आजूबाजूला बायका होत्या, म्हणून माझ्या कानाशी वाकली.

“शनि मंद चालतो म्हणतात,” ती म्हणाली. “मग म्हटलें, वाळूंत थांबून निघावयाचें तर मंद चालणाराच बरा.”

मी वळून तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या पदराला पडलेली घडी सारखी करत होती.

“एक्कावन्न लोकांस सांगावयास बेष होतें,” आत्या म्हणाली. “सहा सव्वा साडेसात. पोरी, तुझ्या बापाला सवायकी मींच पाठ करविली.”